कंधारच्या बहीण-भावाच्या फायली

अण्णा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. नांदेडच्या त्या दवाखान्यात तुम्ही रक्त काढायचात आणि शाळा सुटली की मी तिथंच बाकावर बसायचे. एकदा मदत म्हणून दोन नळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "आधी माणसाला नाव इचार, मग चिठ्ठी लाव!" घर येईपर्यंत मी रडत होते.

आता लातूरला मीही रक्ताचंच काम करते, पण रक्त दिसत नाही. यंत्रातून जनुकांच्या फायली येतात. माझा प्रोग्राम त्या साफ करतो, जुळवतो, दोष शोधतो. एक पायरी संपली की दुसरी आपोआप सुरू होते. मी दिवसभर पडद्यावरच्या ओळी बघत बसते. मान आखडते, डोळे चुरचुरतात.

उन्हाळ्यात कंधारच्या एका बहीण-भावाचे नमुने आले. घराण्यात रक्ताचा आजार, म्हणून आमच्या अभ्यासात घेतलेले. अहवाल गेला : दोष मुलीत आहे, मुलात नाही. महिन्याभरानं जुन्या फायली उघडल्या, तर मुलीच्या नावाखाली पुरुषाचं गुणसूत्र. यादीत दोन ओळींची अदलाबदल झाली होती. तोवर मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती.

साहेब म्हणाले, "पुढच्या अहवालात दुरुस्त करा. बोभाटा कशाला?" मी एसटीनं कंधारला गेले. त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मुलगी चहाचे कप उचलून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. आईनं विचारलं,

"म्हंजे लेकीला काही न्हाई?"

"नाही."

"आन् पोराला हाय."

"हो. पण दोष नुसता अंगात आहे, त्याला स्वतःला त्रास होणार नाही. होणाऱ्या सुनेत हाच दोष नाही ना, एवढं लग्नाआधी तपासून घ्या, म्हणजे झालं."

"लेकीच्या टायमाला असं कुणी बोललं न्हाई, बाई. दोष हाय म्हणले पाव्हणे, आन् उठून गेले."



हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. नाव आणि गुणसूत्र जुळतं का, हे बघणारी एक पायरी प्रोग्राममध्ये होती. ती सारखी अडायची, दर वेळी हातानं तपासावं लागायचं. एका दुपारी कंटाळून मीच ती बंद केली. साहेबांनाही हे ठाऊक नाही. आणि त्या बाईंना मी उठता उठता म्हणाले, "काकू, कम्प्युटरची चूक झाली."