पाठीचं कडवं

ब्रिन्कोच, १४ मार्च १९६२

प्रिय नेस्ता,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. थंडी हटत नाही, पण छत गळायचं थांबलं. इद्वलला जाऊन, मी विधवा होऊन, चार महिने झाले. त्याचे बूट अजून दाराशीच आहेत.

त्याच्या कवितेचं गाणं झालंय हे तुला कळलंच आहे. शाळेतले पेन्री मास्तर त्याची कवितांची वही मागायला आले होते. त्याचं अक्षर बघवेना, म्हणून न वाचताच दिली. आता रविवारी चॅपलमध्ये सगळा गायकवृंद ते म्हणणार आहे.

तालमीला गेले होते. खाणीचं, भोंग्याचं, फसलेल्या संपाचं, सगळं मला ठाऊक होतं. तिसरं कडवं ठाऊक नव्हतं. त्यात शेगडीपुढे टबात बसलेल्या माणसाची पाठ एक बाई धुते.

शेजारच्या डिलिसने मला कोपराने ढोसलं. "काय गं, आम्हाला सांगायचीस, इद्वल पाठीला हात लावू देत नाही म्हणून. लबाड कुठली!"

मी हसले.

तुला माहीत आहे, इथले पुरुष पाठ धुऊ देत नाहीत. पाठ धुतली की कणा मऊ पडतो, असं त्याचे वडील म्हणायचे, तोही म्हणायचा. एकोणतीस वर्षं मी टबात पाणी ओतलं, हात-पाय चोळले आणि पाठीपाशी आले की थांबले. एकदा चुकून फडकं लागलं, तर दोन दिवस बोलला नाही.

कडव्यातली बाई डाव्या हाताने धुते. तालमीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. डावखुरी आपल्या घरात तू एकटीच.

अडतीस सालच्या हिवाळ्यात मी सहा आठवडे क्षयाच्या इस्पितळात होते आणि तू घर सांभाळायला आली होतीस. आणखी काही झालं का, ते मी विचारत नाही. झालं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. त्याने पाठ तुझ्या हाती दिली, हेच मला गिळता येत नाही.

तो गेल्यावर अंघोळ मीच घातली. पाठीवर कोळशाचे निळे व्रण होते. हात लावताना वाटलं, आता रागावेल.

तू रविवारी येऊन माझ्या शेजारी बसणार असं लिहिलंस. ये. गाणं तुझंही आहे. पण बाक वेगळा घे. तिसरं कडवं येईल तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघतील, आणि तेवढ्यापुरतं ते मला माझं म्हणून ऐकायचंय.

तुझी बहीण, ते काही बदलता येत नाही,
मोरवेन