एकाच सहीचा अर्ज

मंगळवार, संध्याकाळ

आज लेक आली, होटगी रोडच्या नव्या वसाहतीतून. तिच्या दारासमोर सिटी बसचा डेपो होणार. हातात विरोधाचा अर्ज, खाली एकच सही, तिचीच.

"बाबा, शेजारच्यांची नावंपण ठाऊक न्हाईत मला. तुमच्या अर्जाची प्रत द्या की, बघून लिहिते."

हाच डेपो आधी आमच्या कॉलनीच्या मैदानावर येणार होता. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाशेजारी अर्ज ठेवला, तासाभरात साऱ्यांच्या सह्या. मजकूर माझा.

प्रत सापडत नाही म्हणालो. कपाटातच आहे. कशी देऊ? मीच लिहिलंय त्यात, 'होटगी रोडला मोकळी जागा आहे, तिथे कुणाचीही हरकत नसेल.'

ती एकच सही घेऊन परत गेली.

लिहिलं तेव्हा तिच्या वास्तुशांतीला महिनाही झाला नव्हता. पोटभर जेवून आलो होतो मी.