सब्ज्याचा वास

पपा, आज पुन्हा एका उंदराला बिस्किट सापडलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढं शिकवलं ते उंदरांना बिस्किटं चारायला का? पण हेच माझं काम आहे. या उंदरांच्या मेंदूत गाठ आहे. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा तिच्यावर परिणाम होतो असं काचेच्या बशीत दिसतं. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, आणि मेंदू रक्तातून आलेल्या बहुतेक औषधांना दारातही उभं करत नाही. म्हणून आम्ही ते साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या कणांत भरतो आणि उंदराच्या नाकात थेंब सोडतो. वासाच्या नसा ज्या वाटेनं वर जातात, त्याच वाटेनं थोडं औषध आत पोचतं. काहींची गाठ हळू वाढते, काहींची मुळीच ऐकत नाही. माणसांपर्यंत यायला फार अवकाश आहे. पण थेंब सोडण्याआधी नाक शाबूत आहे का ते बघायचं असतं, म्हणून भुशाखाली बिस्किट पुरून मी घड्याळ लावून बसते. आजचा उंदीर बिस्किटावरून तीनदा चालत गेला. मग थांबून माझ्याकडे बघत राहिला. हल्ली असा उंदीर आला की मला तुम्हीच दिसता.

तुमच्यासारखं तिखट नाक मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. इकडे वाळवंटातल्या अराद गावच्या कापडगिरणीत बेअरिंग तापलं की धूर निघण्याआधी तुम्ही मशीन बंद करायचात. आणि मुंबई सोडल्यापासून तुमचं एकच रडगाणं: "या देशात कशाला म्हणून वास नाही. कोथिंबीर नुसती हिरवी, आंबा नुसता पिवळा." आम्ही ते इतकं ऐकलं होतं की कानांवरून जायचं. मी तर तुमची नक्कल करून मैत्रिणींना हसवायची.

मला यरुशलेमच्या विद्यापीठात जागा मिळाली तर मलिदा करीन, असा नवस तुम्ही आपल्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, बोलला होता. तो फेडायच्या आठवड्यात तुम्ही गॅससमोर पेपर वाचत बसला होता आणि तव्यावर सुके बोंबील जळून कोळसा झाले. मी हिब्रूत ओरडले, लक्ष कुठे असतं तुमचं? "डोळा लागला असेल," तुम्ही म्हणालात. डोळा लागला नव्हता, पपा. तुम्ही पान उलटताना मी पाहिलं होतं.

मग मलिद्याचा दिवस. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, आणि बाल्कनीतल्या कुंडीतला तुमचा सब्जा. प्रत्येकानं डहाळी हुंगायची आणि सुगंधाचा आशीर्वाद म्हणायचा. तुम्ही हुंगलीत, परत हुंगलीत आणि म्हणालात, "याला वास नाही."

"झालं सुरू!" काका म्हणाले. "आता सब्जापण बॉम्बेहून मागवा."

सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि आशीर्वाद म्हणालात.

वर्षभरानं डॉक्टरांनी फोटोत गाठ दाखवली. कपाळामागे, नाकाच्या बरोबर वर. वास कधीपासून येत नाही, त्यांनी विचारलं. मी मम्मीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "ते तर इकडे आल्यापासून तेच बोलतात ना." मी डॉक्टरांना म्हणाले, माहीत नाही. आधी कळलं असतं तर काढता आली असती कदाचित, असं ते म्हणाले. पेसाहच्या सणाआधी तुम्ही गेलात. त्या 'कदाचित'नं इतक्या वर्षांत मला सुखानं जगू दिलेलं नाही.

लोक विचारतात, हाच विषय का घेतला? मी म्हणते, वडील या आजारानं गेले. सगळे मान हलवतात. मम्मी तर शेजारणींना कौतुकानं सांगते. तिला हे पत्र मी वाचून दाखवणार नाही.

कारण मलिद्यानंतर तुम्ही माझ्यामागून स्वयंपाकघरात आलात, हे तिला ठाऊक नाही. मला चारची बस गाठायची होती. तुमच्या हातात तीच डहाळी होती. ती माझ्या हातात देऊन तुम्ही हळूच विचारलंत, "खरं सांग बेटा, तुला येतो का गं वास?" मी ती नाकाशी धरली. आता होय म्हटलं तर तुम्ही मला बाल्कनीत नेणार, एकेक कुंडी हुंगायला लावणार आणि बस चुकणार. मी हिब्रूत म्हणाले, "लो, पपा." नाही.

तुमचा चेहरा किती हलका झाला. "मग बरं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय." त्यानंतर तुम्ही तो विषय कधीच काढला नाहीत.

बसमध्ये केस सारखे करायला मी हात वर नेला. बोटांना सब्ज्याचा वास येत होता, पपा. यरुशलेम येईपर्यंत येत होता.