डावा सदतीस, उजवा साडेछत्तीस

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला शाळेच्या दोन पँटी शिवून हव्यात. बटण हे नाव तूच ठेवलंस, पण तेरावं लागल्यापासून हे बटण कुठल्याच काजात मावेना. लांबी डावीकडे सदतीस, उजवीकडे साडेछत्तीस. दोनदा मोजली.

उजवा गुडघा दुखतो म्हणते. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, त्यात काही नाही. वजन उतरवा म्हणाले. खेळाच्या बाई म्हणतात, नाटकं आहेत. म्हणून मी रोज संध्याकाळी तिला गल्लीच्या टोकापर्यंत पळवते. रडते, पण पळते.

लोभात अर्धा इंचही घट नको.
तुझी धाकटी

ता. ११ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं माप पाहून दुकानातल्या पोरी हसल्या. लहानपणीही तुला टेप सरळ धरता यायची नाही. बाहुलीच्या झग्याची एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत! अगं, पाय जोडीनं येतात. दोन्ही सदतीस धरून कापलेत.

गुडघ्याचं मनावर घेऊ नकोस. उंची वाढताना आपलेही दुखायचे. पळव तिला, रडण्याला भुलू नकोस.

बटणाच्या दोन्ही गालांना सारखेच पापे.
तुझी ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

पँटी कमरेत छान बसल्या. फक्त उजवा पाय टाचेखाली येतो. ती चालतेच तशी, पाऊल बाहेर फेकत, बदकासारखी. नीट चाल म्हणून माझा घसा बसला. तूर्त खाली दुमडून टाके घातलेत. तुझं चुकलं म्हणायची माझी काय टाप!

तुझी धाकटी

ता. २६ जुलै

ताई, नमस्कार.

बटण शाळेच्या जिन्यात पडली. उजवीकडची दुमड सुटली होती. तिच्यात पाय अडकला, की खुबा आधीच निसटला होता, कोणालाच सांगता येत नाही.

मांडीच्या हाडावरचा गोळा या वयात मऊ थरानं जोडलेला असतो. तो थर सैल पडून गोळा कित्येक महिने घसरत होता. तुला समजेल असं सांगायचं तर बाही खांद्याशी उसवत होती. दुखणं खुब्याचं आणि कळ गुडघ्यात. आम्ही गुडघ्याचेच फोटो काढत बसलो. पडल्यावर उरलेली शिवणही गेली.

लगेच ऑपरेशन केलं. स्क्रू घालून गोळा धरलाय. डावीकडचाही घसरू नये म्हणून तिथेही एक घातलाय. आता भीती रक्ताची. गोळ्याकडे जाणारं रक्त तुटलं असेल तर हाड मरतं. ते कळायला महिने लागतील.

भूल उतरल्यावर तिनं विचारलं, आता पळावं नाही ना लागणार?

तुझी धाकटी

ता. ३० जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. तुझं जूनचं पत्र कापायच्या टेबलावर उघडं आहे. तू बरोबर मोजलं होतंस.

एखादीचा खांदा उतरता असला तर मी बोलत नाही, गुपचूप आत पॅड भरते. सगळ्यांना सारखं करून पाठवायची सवय लागली गं हाताला.

मला शिव्या दे, पण लिही.
ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

शिव्या द्यायच्या तर आधी आरशासमोर उभं राहावं लागेल. पळवत मी होते.

काल फोटो काढला. गोळा एका बाजूनं खचलाय. रक्त पोचलंच नाही. मोठी झाली की सांधा बदलावा लागेल, तोवर कुबडी. बटण सगळं ऐकत होती. घरी आल्यावर तिनंच तुझी जुनी टेप काढली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डावा अडतीस, उजवा पावणेसदतीस. मी पुन्हा मोजायला वाकले, तर म्हणाली, आई, पुरे, बरोबर आहे.

तिला दोन पँटी हव्यात. तुला निरोप दिलाय की मावशी, या वेळी सारखे करू नकोस.

जसं लिहिलंय तसंच काप, ताई.

तुझी धाकटी