ओटी भरणार नाही

पेण,
७ ऑगस्ट १९९६

प्रिय नमू,

'सुखी राहा' असा आशीर्वाद लिहायला घेतला नि पेनच पुढं सरेना, म्हणून नुसतंच प्रिय. कारखान्यात गणपतींची घाई आहे, पण माझं चित्त जाग्यावर नाही. काल धोतराचा पिवळा रंग सोंडेला फासला. मालक म्हणाले, शांतीबाई, डोळे घरी ठेवून आलात काय?

हौसा आठवते? माझ्या शेजारी बसून मूर्तींना पॉलिश पेपर घासते, ती. सोमवारी आली ती डोळा सुजवून, हात पोटाशी धरून. नवऱ्याने पाट फेकून मारला होता. महिला मंडळातल्या दोघींना घेऊन मी तिला चौकीवर नेलं. हवालदार म्हणे, घरातला मामला हाय, घरात मिटवा. माझं टाळकंच सटकलं! म्हटलं, घरातला हाय म्हणून हाडं मोडायची सूट हाय काय? तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

बाहेर तिची आई, सीताबाई, उभी. पिशवीत तांदूळ, नारळ, खण. लेकीची ओटी भरून तिला तशीच सासरी धाडायला आली होती. मी नारळ हिसकावला, नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, तुजी पोर असती तं तू काय केलं असतंस गो?

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. नमू, तू तीनदा आलीस. पहिल्यांदा ओठ फुटला होता, मोरीत पडले म्हणालीस. दुसऱ्यांदा मनगट पदराखाली लपवलंस. संक्रांतीला मात्र पाठ उघडी करून दाखवलीस. आणि मी? तिन्ही वेळा ओटी भरली, रोह्याच्या एसटीत बसवलं, वर म्हणाले, जावईबापूंना सांभाळून घे. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. परक्याच्या पोरीसाठी चौकीत ओरडले, माझ्या पोरीच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरली. मारलं प्रवीणने, पण परत परत तिथं नेऊन सोडलं मीच. चुकले गो मी.

पोस्टानं धाडलं असतं तर पत्र त्याच्याच हाती पडलं असतं, म्हणून हौसाकडे देतेय. तो धाटावच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला की ती येईल. तू वाचेपर्यंत ती दाराशी थांबेल. कपडे गोळा करत बसू नकोस, आहेस तशी तिच्याबरोबर निघ. मी पेणच्या स्टँडवर उभी आहे. या वेळी तुझी ओटी भरणार नाही.

तुझीच, उशिरा जागी झालेली,
आई