सकाळी सातचा तास

प्रिय रंजू,

एकाच गावात राहून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण तू समोर आलीस की माझं तोंड आपोआप गोड बोलायला लागतं, म्हणून लिहितेय.

तू शाळा समितीची अध्यक्ष झालीस तेव्हा पहिली टाळी मी वाजवली. घरी येऊन मात्र विनाकारण माझ्या टीनावर ओरडले. त्याआधी दोन वर्षं ती खुर्ची माझी होती. मी बी.ए., तू पाचवीत शाळा सोडलेली. माझ्या सभेत पालक चहा पिऊन, सह्या करून निघून जात. तुझ्या पहिल्याच सभेत मागे बसणाऱ्या बाया बोलायला लागल्या. तू उभी राहून विचारलंस, "गुरुजी, शिष्यवृत्तीचा तास सकाळी सातले काहून ठेवता? त्या वक्ती आमचे लेकरं तलावावर जाळे काढून राहिले असतात." दोन वर्षं तो तास माझ्या देखत चालला होता. मासे धरणाऱ्या तुमच्या ढिवर मोहल्ल्यातलं एकही मूल येत नाही, हे मला दिसत होतं. त्यांना अभ्यासाची आवडच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

तू तास दुपारी चारला नेलास. एकटे गुरुजी पुरणार नाहीत, शिकलेल्या पालकांनी एकेक वार वाटून घ्यावा, म्हणालीस. "लेकरं सगळ्याइचेच आहेत ना, बाई!" तेव्हा तू माझ्याकडेच पाहत होतीस. मी पिशवीत काहीतरी शोधत बसले. माझ्या दिरानं, अमरनं, बुधवार घेतला. त्याला अपूर्णांक धड येत नव्हते. आदल्या दिवशी टीनाकडून शिकून गेला. गावभर तुझं नाव. धानाच्या बांधीवर रोपं रोवणाऱ्या बायासुद्धा तुझंच कौतुक करत होत्या. परवा टीना म्हणाली, "आई, रंजूमावशीसारखी तू काहून नाही बोलत?"

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. तास पुन्हा सकाळी घ्यावा, मुलींना घरी यायला उशीर होतो, वगैरे. खरं कारण तुला कळलंच असेल. अकरा सह्या मिळवल्या. काल तो द्यायला शाळेत गेले, तर तुझी गुंजन फळ्यापाशी उभी होती आणि टीनाला अडलेलं गणित समजावत होती. टीना कमरेवर हात ठेवून तिच्याशी वाद घालत होती, मग दोघीही हसल्या. मला आत पाऊल टाकवेना. तशीच परत आले.

पाचवीत तुझ्या अंगाला मासोळीचा वास येतो, अशी तक्रार गुरुजींकडे कुणी केली, हे तू कधी विचारलं नाहीस. मी केली होती. त्या चाचणीत गणितात तुला पैकीच्या पैकी होते, मला सतरा. गुरुजींनी तुला उठवून दाराशी एकटीला बसवलं आणि दिवाळीनंतर तू शाळेत आलीच नाहीस. वास येत नव्हता, रंजू. हे तुला सांगायलाच पत्र लिहिलं. अर्ज सोबत ठेवलाय, फाड किंवा सभेत वाच. अजूनही तुझा हेवा वाटतो, तो गेला असं खोटं लिहिणार नाही. पण मंगळवारी शिकवायला कुणी नाही, असं अमर सांगत होता. हे वाचूनही चालणार असेल, तर तिथं माझं नाव लिही.

तू म्हणू देशील तर तुझीच,
राखी