जिलेबीचा आग्रह

जामखेड, मे १९७१, रविवार संध्याकाळ

बाळाचं बारसं नीट पार पडलं. माझा भाऊ, दादा, नगरहून मुद्दाम आला. तरी मन लागत नाही. ती जिलेबीच डोळ्यांपुढं येते.

माझी नणंद सुशी पंगतीत वाढत होती. किती महिन्यांनी पोरगी चार माणसांत आली, म्हणून मीच म्हटलं, दादाला आग्रह कर. तिनं जिलेबी पुढं केली. दादा पानावर आडवा हात धरून हसला, "अगं पोरी, हा आग्रह नव्हे, बलात्कार झाला." पंगत हसली. जिलेबी तिच्या हातातच राहिली, पाक मनगटावरून ओघळला.

गेल्या साली मळ्यात तिच्यावर काय गुदरलं, ते या घराबाहेर कुणाला माहीत नाही. दादाला तर नाहीच. कधी कुणाला दुखवून बोलणार नाही असा माणूस. मग हे त्याच्या तोंडी आलं कसं?

मघाशी भांडी घासताना तिनं मान खाली घालूनच विचारलं, "वहिनी, दादांना तुमी सांगितलं व्हय?"

"नाही गं. ते सहज बोलून गेले."

पाक केव्हाच धुतला गेला होता, तरी ती मनगट चोळतच राहिली.

"हे सहज बोलत्यात?"